तुटलेला प्लग: जागेवरच काढायचा की हेड उतरवून?

स्पार्क प्लग काढताना तुटला, वरचा भाग पान्यात आला आणि आटे हेडमध्येच (सिलेंडरच्या वरच्या झाकणात) राहिले, की दोनच रस्ते उरतात. इंजिन गाडीवर असतानाच इझी-आऊट, म्हणजे तुटलेला तुकडा आतून पकडून उलटा फिरवायचं हत्यार, मारायचा, नाहीतर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायचं. मी दोन्ही केलंय, दोन वेगळ्या गाड्यांवर. छिन्नीने ठोकून फिरवायचा तिसरा उपायही लोक सांगतात, पण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर तो करू नका.

आधी इझी-आऊट. त्याचं आकर्षण खरं आहे. गाडी उघडावी लागत नाही, पॅकिंगचा खर्च नाही, नशिबाने साथ दिली तर अर्ध्या तासात काम. शिवाय मधलं पोर्सिलीन (प्लगची पांढरी नळी) निघालं की प्लगचं बाहेरचं धातूचं कवच पोकळच असतं, त्यामुळे बोल्ट तुटल्यावर जसं मधोमध ड्रिल मारावं लागतं तसं इथे लागत नाही. पिळाचा इझी-आऊट मात्र पातळ कवचाला आतून फाकवतो आणि ते आणखी घट्ट बसतं. छोट्या बाईकच्या १० मिमीच्या प्लगला हा धोका जास्त. चौकोनी बऱ्यापैकी बरा. आणि जोर लावून इझी-आऊटच आत मोडला, तर त्या कडक पोलादाला साधं ड्रिल लागत नाही. म्हणजे दुखणं दुप्पट.

पण माझं मन या सगळ्यामुळे बदललं नाही. ते बदललं पोर्सिलीनमुळे.

माझ्याकडे टू-स्ट्रोक स्कूटर होती. सोलापुरात होटगी रोडला प्लग बदलताना तो तुटला. चार नट काढले असते तर हेड हातात आलं असतं, पण घाई होती, म्हणून जागेवरच काढायचं ठरलं. पिस्टन वर आणला, इझी-आऊटला ग्रीस फासलं, पोर्सिलीन फोडून चिमट्याने एकेक कपची बाहेर काढली. कवच निघालंसुद्धा, पाऊण तासात. मग मी सगळ्या कपच्या वर्तमानपत्रावर मांडून जुळवायला बसलो. मुगाच्या डाळीएवढा एक तुकडा कमी होता. ग्रीस लावलेली तार आत फिरवली, हवा मारली, प्लग न लावता किका मारल्या. तुकडा काही दिसला नाही. बाहेर उडून गेला असेल म्हणून नवा प्लग लावला.

दोन महिन्यांत किक हलकी लागायला लागली, म्हणजे सिलेंडरमधला दाब गळत होता. सिलेंडर उतरवला तर आत उभी रेघ, नखाला लागेल इतकी खोल. ती त्याच तुकड्याची, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण आपण ज्याला पोर्सिलीन म्हणतो ते असतं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि ग्राइंडिंगच्या चाकात हाच माल वापरतात. सिलेंडर बोअर करून (आतून कापून रुंद करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागला. वाचवलेल्या पॅकिंगच्या कितीतरी पट पैसे गेले. त्याहून वाईट ते दोन महिने. रोज गाडी चालवताना कान इंजिनकडे, आत काही वाजतंय का म्हणून.

दुसऱ्यांदा हाच प्रसंग शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोकवर आला, ऐन मे महिन्यात, दुसऱ्या दिवशी तुळजापूरला जायचं ठरलेलं असताना. या वेळी सरळ हेड उतरवलं. त्रास आहेच. कार्बोरेटर, सायलेन्सर, कॅमची चेन सगळं सोडवावं लागतं. हेड उचलताना ब्लॉक सोबत उचलला गेला तर खालचं पॅकिंगही बदलावं लागतं. माझं गेलं. जोडताना मॅग्नेटोची आणि कॅमच्या गिअरची खूण जुळवायची, हेडचे नट तिरपे-तिरपे कसायचे. दीड दिवस गेला, तुळजापूर पुढच्या आठवड्यावर.

पण लेथवर जे बघितलं त्याने माझं समाधान झालं. सोलापुरात यंत्रमागांमुळे लेथवाले भरपूर. मी गेलो ते अक्कलकोट रोडच्या बाजूच्या अण्णांकडे, मागाचे शाफ्ट आणि गिअर दुरुस्त करत आयुष्य गेलेल्या. अण्णांनी हेड उलटं करून ज्वलनकक्षाकडून बोट दाखवलं. प्लगच्या आट्यांचं टोक आत किंचित डोकावत होतं आणि त्यावर कार्बनचा दगडासारखा थर. प्लग त्यानेच अडवलेला. तारेच्या ब्रशने त्यांनी तो थर साफ केला. हे काम हेड गाडीवर असताना होऊच शकत नाही.

मग हेड गॅसच्या ज्योतीवर सावकाश गरम केलं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. गाडीवर, वर पेट्रोलची टाकी असताना, ज्योत कोण नेणार? चौकोनी इझी-आऊट हलकेच ठोकून त्यांनी पाना लावला. मी पुढे सरसावलो तर म्हणाले, "थांबा ओ, जोर नका लावू. सुटतंय की." बारीक कट्ट आवाज आला आणि कवच फिरलं. पोर्सिलीनचा जो काही चुरा होता, तो टेबलावर पडला. डोळ्यांसमोर.

आटे खराब निघाले असते तरी काम तिथेच झालं असतं. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) किंवा बुश बसवायला भोक सरळ पडावं लागतं, ते टेबलावरच नीट जमतं.

तरी प्रत्येकाने हेड उतरवावंच असं मी म्हणणार नाही. तीन-चार सिलेंडरच्या कारचं हेड म्हणजे टायमिंग बेल्टपासून सगळं उघडणं, खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. तिथे आधी इझी-आऊट बघणं समजण्यासारखं आहे, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून. सिंगल सिलेंडर गाडी असेल तर मात्र माझा कल तुम्हाला कळला असेलच.

नवा प्लग बसवताना तो आधी हाताने पूर्ण फिरवा, मग वॉशरवाला प्लग असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा. आट्यांना ऑइल लावू नका, त्याने नकळत जास्त कसला जातो.

आणि प्लग तुटल्याक्षणी पान्यात आलेला वरचा भाग फेकू नका. त्याच्यासोबत पोर्सिलीनची नळी मधल्या इलेक्ट्रोडच्या टोकापर्यंत अखंड बाहेर आली असेल, तर जागेवर इझी-आऊट मारायला माझी हरकत नाही. ती मध्येच मोडलेली दिसली, तर हेडचे नट सोडायला घ्या.