स्कॉच २३ रबर टेप: बाहेरच्या वायरजोडांसाठी

पावसाची सर आली की आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होतो आणि ऊन पडलं की पुन्हा गुमान बसतो, असं होत असेल तर आधी कंपाउंडच्या दिव्यांचे जोड उघडून बघावेत. बहुतेक ठिकाणी साध्या काळ्या पीव्हीसी टेपचे वेढे सापडतात. उन्हात तिचा गोंद पातळ होतो, टोक सुटतं, पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. मग तांबं काळं पडतं, पुढे हिरवं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर.

थ्रीएमची स्कॉच २३ इथे पैसे वसूल करते. १९ मिमी रुंद, ०.७६ मिमी जाड, ९.१५ मीटरचा रोल. ही इथिलीन-प्रोपिलीन रबराची टेप गोंदावर चिकटत नाही. ताणून गुंडाळली की थर एकमेकांत मुरून एकसंध होतात. साध्या टेपपेक्षा बरीच महाग आहे, पण २.५ चौरस मिमी तीन-कोर (आत तीन वेगळ्या तारा असलेल्या) केबलचे साधारण सहा जोड एका रोलमध्ये निघतात.

मेख ताणण्यात आहे. पट्टी रुंदीला जवळपास निम्मी होईपर्यंत ओढायची आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवायचा. सैल गुंडाळली तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. टेपच्या थरांमधला लायनर (काढून टाकायची पातळ पट्टी) तसाच ठेवून गुंडाळणारे कारागीरही आहेत!

सप्लाय बंद करून मीटरने खात्री करा. लखलखीत तांबं लागेपर्यंत तार मागे कापा, कारण ओल तारांमधून इन्सुलेशनखाली बरीच आत गेलेली असते. टिन्ड कॉपर स्लीव्हने (कथील चढवलेल्या तांब्याच्या नळीने) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करा. तिन्ही जोड एका रेषेत नकोत, ४०-४० मिमी पुढेमागे हवेत. प्रत्येक कोरवर दोन थर द्या. कोरांमधल्या खाचेत टेपचे तुकडे दाबून जोड गोल करून घ्या. ही पायरी गाळली की पाण्याला आतून आयती वाट मिळते. मग सगळ्यावर दोन थर, दोन्हीकडच्या बाहेरच्या आवरणावर किमान ५० मिमी चढतील असे. आवरण आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं हवं. उन्हापासून आणि घासण्यापासून जपायला वरून चांगली पीव्हीसी टेप लावा. तिचा शेवटचा वेढा न ताणता बसवा, नाहीतर टोक उचलतं.

ॲल्युमिनियमला तांबं जोडायचं असेल तर टेपचा उपयोग नाही, तिथे बायमेटॅलिक (दोन्ही धातूंचा) लग किंवा स्लीव्हच हवा. पुन्हा उघडावा लागणारा जोड टेपमध्ये कोंडू नये, सुरीने कापूनच काढावा लागतो. त्याला आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे रोखणारा) बॉक्स घ्या, ग्लँड (केबल आत घेणारी घट्ट तोंडं) खालच्या बाजूला ठेवा आणि केबलला बॉक्सखाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. जमिनीत गाडायच्या जोडाला रेझिन किट, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणारं रेझिन.

काम झाल्यावर दिवे आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं युनिट) सोडवून ५०० व्होल्ट मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर सप्लाय देऊ नका. नव्या, कोरड्या जोडाचा आकडा याच्या कितीतरी वर असतो.