हँडब्रेकचं काम करून घेतलं, घाटकोपरच्या चढावरच्या गॅरेजचा अनुभव (५ पैकी ४)

गॅरेजला नाव नाही, पाटी नाही, बाहेर जुन्या टायरची चळत आणि आत एक मामा आणि त्यांचा भाचा, एवढंच. आम्ही राहतो घाटकोपर वेस्टला, असल्फाच्या बाजूला, म्हणजे डोंगरच, आणि सोसायटीचा गेट उतारावर. गाडी २०१५ची हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. जूनमध्ये एका संध्याकाळी हँडब्रेक ओढून भाजी आणायला गेले आणि परत येऊन बघते तर गाडी हातभर मागे सरकून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरला टेकलेली. नशीब स्टँडवर होती, पडली नाही, पण काका अजून लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

त्याआधी दोन महिन्यांपूर्वीच एका मोठ्या चकचकीत सर्विस सेंटरमध्ये हँडब्रेक टाइट करून घेतला होता. त्यांनी काय केलं तर लिव्हरच्या खाली जो केबलचा नट असतो तो आवळला, संपलं काम. आठ दिवस मस्त, मग मागचं एक चाक गरम व्हायला लागलं, जळका वास, अॅव्हरेज पडलं, आणि पाऊस सुरू झाल्यावर लिव्हर परत नऊ-दहा टिक (ओढताना होतो तो टकटक आवाज) वर. पुन्हा गेले तर म्हणे मॅडम, केबल आणि लायनर (ब्रेकच्या आत घासणारं अस्तर) दोन्ही बदला. बदला म्हणजे झालं, गाडी उघडून बघायला कोणाला वेळ नाही.

मग मामांकडे. त्यांनी आधी मला गाडीत बसवून लिव्हर ओढायला लावला, टिक मोजले, आणि म्हणाले, "ओ ताई, हँडब्रेक आहे का हातपंप, हापसताय नुसता!" मग पुढच्या चाकांना विटा लावल्या, गाडी मागून जॅकवर घेतली, ड्रम (मागच्या चाकांच्या ब्रेकचे गोल डबे) उघडले. आतून जो काळा भुगा आणि गंज निघाला तो बघून मलाच लाज वाटली. लायनर जाड होते, बदलायची गरजच नव्हती! पॉलिश पेपर मारून साफ केले आणि आधी ड्रमच्या आतला अॅडजस्टर फिरवून शू (लायनर ज्यावर बसवलेले असतात त्या अर्धगोल पट्ट्या) ड्रमच्या जवळ आणले, केबलला हात सगळ्यात शेवटी. त्यांचं म्हणणं असं की शू लांब राहिले आणि केबल तेवढी ओढून ठेवली की आतला अॅडजस्टर नीट चालत नाही आणि वर शू घासत राहतो, म्हणून ते चाक तापत होतं. शेवटी लिव्हर खाली सोडून दोन्ही चाकं हाताने फिरवून दाखवली, मोकळी, आणि पाचव्या टिकला दोन्ही जाम. मग गल्लीच्या चढावर न्यूट्रलमध्ये नुसत्या हँडब्रेकवर उभी करून दाखवली. ४५० रुपये झाले.

त्या दोन तासांत फुकट लेक्चर मिळालं ते वेगळंच, आणि खरं सांगू का, मी १२ वर्षं गाडी उलट्या क्रमाने लावत होते. आधी गिअर टाकून पायाचा ब्रेक सोडायचे मग हँडब्रेक, म्हणजे गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्सवर. बरोबर असं की ब्रेकवर पाय, न्यूट्रल, हँडब्रेक, मग पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, आणि मग क्लच दाबून गिअर. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकंसुद्धा वळवून ठेवायची, उताराकडे तोंड असेल तर फुटपाथकडे, चढाकडे असेल तर रस्त्याकडे म्हणजे सरकली तरी पुढच्या चाकाची मागची बाजू फुटपाथला अडते. आमच्याकडे फुटपाथ कुठाय म्हणा, मग दोन्ही वेळेला कडेच्या भिंतीकडे. आणि सकाळी चावी फिरवायच्या आधी क्लच, नाहीतर गिअरमधली गाडी उडी मारते (काकांची स्कूटर समोरच असते).

पावसाळ्यासाठी वेगळं. भिजलेली गाडी आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवली की शू ड्रमला चिकटतात, मग सुरू केली तरी जागची हलत नाही आणि मग एकदम टक्क आवाज. सपाट जागा असेल तर नुसता गिअर आणि चाकाला वीट, हँडब्रेक सोडलेला. उतारावर हा शहाणपणा करायचा नाही, तिथे दोन्ही पाहिजेत.

पे अँड पार्कवाले "न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक नको, आम्ही ढकलतो" म्हणतात त्याबद्दल विचारलं तर मामा नुसते हसले. घरी येऊन शोधलं तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सरळ म्हणतं की सीटवर ड्रायव्हर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी काही सोय पाहिजे. आता मी तिथे गाडी ठेवतच नाही, त्यापेक्षा मेट्रो.

एक स्टार कापला कारण बिल देत नाहीत, फोन उचलत नाहीत, एकावेळी एकच गाडी घेतात, आणि गाडी आत जाईपर्यंत तुम्ही बाहेर त्या चढावर हाफ क्लचवर लटकलेले, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. सकाळी दहाच्या आत जा. दुपारी मामा जेवायला घरी जातात आणि भाचा "थांबा, मामा येतील" याशिवाय काही बोलत नाही.