जुन्या प्लेट कॉम्पॅक्टरपायी माझे ४७,८७० रुपये गेले

४७,८७० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण तीन आठवडे मी घरच्यांना आणि पाहुण्यांना ‘थोडे पैसे अडकलेत’ एवढंच सांगत होतो. अडकलेले नाहीत, बुडालेत. मुरूम ठोकायचं जुनं प्लेट कॉम्पॅक्टर घ्यायला गेलो आणि मशीन सोडा, मशीनचा एक नटही हाताला लागला नाही. आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे लोक असतात हे मला माहीत होतं. तुमच्याइतकंच माहीत होतं. म्हणूनच जास्त जळतंय.

घर मी स्वतः उभं राहून बांधतोय. मजुरी मिस्त्रीला, साहित्य माझं. जागा काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे जोत्यात तिचं एक घमेलंही टाकायचं नाही, सगळा भराव मुरमाचा करायचा असं ठरवलं होतं. आतलं क्षेत्र ९०० चौरस फूट, भराव तीन फूट, म्हणजे २७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ठोकल्यावर मुरूम बसतो म्हणून ३४ ब्रास आणून टाकला. माझ्या थोरल्या भावाच्या घरात असाच मुरूम एकदम ओतला होता आणि वरून टँकरचं पाणी सोडून ‘बसला’ असं म्हणून वर कोबा केला होता. दोन पावसाळ्यांत हॉलची फरशी दीड इंच खचली. फरशीवर टकटक केलं की पोकळ आवाज येतो. ते पाहिल्यामुळे मी हट्ट धरला की प्रत्येक थर ठोकून सहा इंच बसला पाहिजे. मूठभर मुरूम दाबला की गोळा धरला पाहिजे आणि तळव्याला पाणी लागता कामा नये, एवढी ओल बघून एकेक थर मशीनने ठोकायचा.

मिस्त्रीमामा धुम्मस करू म्हणत होते. पण ९०० फुटांत सहा थर हाताच्या धुम्मसाने ठोकायचे म्हणजे किती मजूर आणि किती दिवस? शिवाय हाताने सगळीकडे सारखा ठोका बसत नाही. जवळच्या भाड्याने देणाऱ्याकडे गेलो तर त्याचं मशीन रस्त्याच्या कामावर, मोकळं व्हायला बारा दिवस. मृग तोंडावर आला होता आणि मुरमाचा ढीग उघड्यावर. म्हटलं जुनं विकत घेऊ, काम झालं की विकून टाकू. ही हौस नव्हती, गरज होती. फसवणारे नेमके अशाच घाईतल्या माणसाची वाट बघत बसलेले असतात.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात दिसली. ९० किलोचं प्लेट कॉम्पॅक्टर, साडेपाच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, किंमत ३८,०००. फुकटात मिळतंय म्हणून धावलो असं कुणी म्हणू नये. नव्याचा भाव मी काढला होता, त्याच्या निम्म्याहून हा भाव जास्तच होता. समोरचा माणूस स्वतःला रस्त्याच्या कामांचा सब-काँट्रॅक्टर म्हणवत होता, आणि बोलणं जाणकाराचं होतं. मी माती विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं, ‘सर, चिकट माती असेल तर हे घेऊ नका, त्याला रॅमर लागतो. मुरूम असेल तरच घ्या.’ हे अगदी बरोबर आहे. प्लेट मुरूम-वाळूसाठी, उड्या मारणारा रॅमर चिकट मातीसाठी. जो माणूस आपला माल विकताना ‘घेऊ नका’ म्हणतो तो खोटा कसा असेल, असं मला वाटलं. ३६,५०० वर सौदा ठरला. ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणाला म्हणून ३,००० टोकन पाठवलं.

मग व्हिडिओ कॉल. ती पाच मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

संध्याकाळचे सव्वासहा. मी जोत्याच्या भिंतीवर बसलेलो, शेजारी मामा. पलीकडे सिमेंटच्या कोब्यावर पिवळं मशीन. हँडलला सुतळीने पाण्याची बाटली बांधलेली, निळ्या झाकणाची, अर्धी भरलेली. त्याने इंजिनाची दोरी ओढली, आवाज सुरू झाला. मी म्हटलं, रेस करून दाखवा. आवाज चढला. मामा वाकून फोनमध्ये बघत होते. म्हणाले, ‘दादा, आवाज येतोय, पण थरथर कुठाय? बाटलीतलं पाणी हलंना.’

आणि मी त्यांना म्हणालो, ‘मामा, आयडलवर आहे ते. आयडलला क्लच लागत नाही. तुम्हाला यातलं माहीत नाही.’

आयडलला, म्हणजे इंजिन मंद चालू असताना, प्लेट ठोकत नाही हे खरं आहे. इंजिनाचा वेग वाढल्याशिवाय क्लच धरत नाही, आणि क्लचने धरल्याशिवाय खालचं वजन फिरत नाही. पण आवाज तर चढला होता! मीच चढवायला लावला होता. रेस केलेलं मशीन कोब्यावर एका जागी उभं राहणं शक्यच नाही, ते आदळत पुढे सरकतं. आणि नुसत्या आयडलवरसुद्धा इंजिनाच्या हादऱ्याने हँडल थरथरतं, बाटलीतलं पाणी स्थिर राहत नाही. शिवाय ज्याचं स्वतःचं मशीन आहे तो ते कडक कोब्यावर चालवून दाखवतच नाही, बेअरिंगची वाट लागते. मातीवर दाखवतो. हे सगळं मी आधीच्या आठवड्यात शिकलो होतो, मला पाठ होतं. समोर पाणी विहिरीच्या तळासारखं गप्प होतं, ज्याला यातलं काही माहीत नाही असं मी म्हणालो त्याला ते दिसलं, आणि मी त्याला गप्प केलं. इंजिन दुसरीकडे कुठेतरी चालू होतं किंवा आवाज रेकॉर्ड केलेला होता. आता काय फरक पडतो.

फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात लोडिंगसाठी निम्मे भरायचे म्हणून १५,२५० पाठवले. तिथून पुढे गाडी थांबलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोभाडं ४,८००. दुपारी बिल्टीचा, म्हणजे माल गाडीत भरल्याच्या पावतीचा फोटो आणि टेम्पोत ठेवलेल्या मशीनचा फोटो आला, ‘गाडी निघाली सर’, मग उरलेले १८,२५०. प्रत्येक वेळी पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर वेगळंच नाव येत होतं. एकदा बाईचं, एकदा कुठल्यातरी मोबाईल दुकानाचं. विचारलं तर ‘आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत’. ते नाव दाखवतात कशासाठी? वाचण्यासाठी. सौदा ज्याच्याशी केला त्याचं नाव येत नसेल तर तिथेच थांबा, मग तो काहीही सांगो.

रात्री नऊला फोन आला की गाडी चेकनाक्यावर अडवली आहे, जीएसटी भरल्याशिवाय सोडत नाहीत. १८ टक्के, ६,५७० रुपये. ‘मशीन पोचलं की परत देतो’. बिलही पाठवलं, शिक्क्यासकट. मी भरले. अरे, विक्रीकराचे चेकनाके २०१७ साली जीएसटी आल्यावर महाराष्ट्रात बंद झाले! आणि त्या बिलात पत्ता महाराष्ट्रातला, पण जीएसटी नंबर ०८ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, राजस्थानचा ०८. वर कर सीजीएसटी ३,२८५ आणि एसजीएसटी ३,२८५ असा, राज्यातल्या राज्यात विकल्यासारखा फोडलेला. माल खरंच दुसऱ्या राज्यातून माझ्याकडे येत असता तर आयजीएसटी लागला असता. म्हणजे ते बिल कुठूनही धरलं तरी खोटंच होतं. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही नंबर टाकला की नाव दिसतं, लॉगिनही लागत नाही. मी टाकला, पण पैसे गेल्यावर. कुणा कापडवाल्याचा निघाला.

साडेनऊला ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे ९,९९९ मागितले तेव्हा मी नाही म्हणालो. दोन मिनिटांत नंबर बंद, जाहिरातीवरून मी ब्लॉक.

पुढची चूक पैशाच्या चुकीहून मोठी. मी कुणालाच सांगितलं नाही. बायको विचारत होती, ‘अहो, टेम्पो कुठवर आला?’ आणि मी म्हणत होतो, ‘येईल सकाळी.’ रात्रभर तो नंबर लावत बसलो. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला, एकोणीस तासांनी. लाजेपायी. तोवर पैसे चार खात्यांतून पुढे निघून गेले होते, होल्डवर, म्हणजे बँकेने रोखून धरलेले, सापडले फक्त ४,११२. तुमच्या बाबतीत असं झालं तर चप्पल घालायच्या आधी १९३० लावा. लाज नंतर वाटू दे.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेलो त्यांच्याबद्दल. बँकेत गेलो, काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, ‘पिन तुम्हीच टाकला ना? मग?’ ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर त्याच्यावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी छापून नेला होता. तो न विचारता झालेल्या व्यवहारांना आहे, तुम्हाला नाही, म्हणाला. नियम त्याने बरोबर सांगितला असेल. पण मी नियमाची परीक्षा द्यायला गेलो नव्हतो. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्यातरी बँकेनेच कागदपत्रं बघून उघडलंय ना? त्या माणसाचा पत्ता बँकेकडे आहे, फोटो आहे, आणि मला सांगतात ‘गोपनीय’.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बाकावर. मग ‘सायबरला जा’. सायबरला गेलो तर ‘एवढ्या रकमेचं तुमच्या ठाण्यातच होईल’. परत आलो तर ‘आरोपी आमच्या हद्दीतला नाही’. कुठल्याही ठाण्याने, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार नोंदवायची हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. मी ते मोबाईलवर दाखवलं. हवालदार म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ दुसऱ्याने विचारलं, ‘मशीन बघायला का गेला नाहीत? शिकलेली माणसं तुम्ही.’ मी तिथे आरोपी होतो की फिर्यादी? पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस, साइटवर मजूर बसून. शेवटी त्याच कलमाचा आधार घेऊन पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवली, तेव्हा कुठे आठव्या दिवशी ठाण्यातून ‘या’ असा फोन आला आणि भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदला. होल्डवरच्या ४,११२ साठी कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. त्यासाठी वकिलाने फी सांगितली ५,०००!

ॲपवाल्यांचा ठरावीक मजकूर आला, व्यवहार आमच्या बाहेर झाला आहे, सावध राहा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरच्या बाई नीट बोलल्या, एवढीच माणुसकी त्या महिन्यात भेटली, पण विक्रेत्याचा पत्ताच नाही तर नोटीस कुणाला काढणार.

मुरूम अखेर भाड्याच्या मशीननेच ठोकला, बारा दिवस थांबून. एका पावसाने ढिगाचा पायथा वाहून गेला तो वेगळाच. या वेळी मात्र ५,००० अनामतीची सही-शिक्क्याची पावती घेतली, आणि मशीन उतरवायच्या आधी प्लेटखालची चीर, हँडलचा वाकलेला बोल्ट, इंजिन ऑइलची पातळी, सगळ्याचे फोटो मालकासमोर काढले. भाड्याच्या धंद्यातही मशीन परत करताना ‘हे तुम्हीच तोडलं’ म्हणून अनामत गिळणारे असतात. जुनं विकत घ्यायचंच असेल तर स्वतः जा, मातीवर चालवा, हँडल धरून दहा मिनिटं ठोका. इंजिनावर कोणाचं स्टिकर आहे ते बघू नका, तापल्यावर बंद पडतं का ते बघा. पैसे मशीन गाडीत चढल्यावर. टोकनसुद्धा नाही. ‘रिफंडेबल’ हा शब्द आला की फोन ठेवा. आणि सोबत असं माणूस न्या ज्याला तुम्ही गप्प करणार नाही.

मामांनी त्या दिवसाबद्दल एक शब्द काढलेला नाही. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, ‘दादा, तिसऱ्या थरावर पाणी मारायचंय, पाइप लावा.’

परवा रात्री तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, गाव वेगळं, किंमत ३४,०००. फोटो तोच. पिवळं मशीन, कोबा, आणि हँडलला सुतळीने बांधलेली निळ्या झाकणाची बाटली. मी लगेच सायबर पोर्टलवर लिंक टाकली, तपास अधिकाऱ्यांना फोन केला, ॲपवर रिपोर्ट केलं. आज सकाळी बघितलं तेव्हा ती अजून तिथेच होती.