बॅटलफील्ड ६ की ब्लॅक ऑप्स ७? नाशिकमधून खेळणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

२०२५च्या अखेरीस मल्टिप्लेअर शूटर प्रकारातले दोन मोठे गेम बरोबर पाच आठवड्यांच्या अंतराने आले : १० ऑक्टोबरला 'बॅटलफील्ड ६' आणि १४ नोव्हेंबरला 'कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ७'. दोन्ही पूर्ण किमतीचे आहेत, दोन्हींची जाहिरात जोरात झाली आणि दोन्हींच्या वाट्याला कौतुकाबरोबर संतापही आला. कॉलेज रोडवरचा विद्यार्थी असो किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करणारा तंत्रज्ञ असो, बहुतेकांना यांपैकी एकाच गेमवर पैसे घालणे परवडते, आणि ते वाया जाऊ नयेत ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. माझे मत आधीच सांगतो. ठरलेल्या वेळी हमखास येणारे दोन-तीन सोबती असतील आणि संगणक पुरेसा ताकदीचा असेल, तर बॅटलफील्ड ६ घ्यावा. एकट्याने, सवड मिळेल तेव्हा अर्धा तास खेळायचे असेल किंवा यंत्र जुने असेल, तर ब्लॅक ऑप्स ७ अधिक उपयोगी पडेल. गेम कसा आहे याइतकेच तो कोणाबरोबर आणि कशावर खेळला जाणार आहे यावर हे उत्तर ठरते.

बॅटलफील्ड ६ : सोबत असेल तर

या गेमविषयीची उत्सुकता समजून घ्यायची तर २०२१च्या नोव्हेंबरपर्यंत मागे जावे लागते. तेव्हा आलेल्या 'बॅटलफील्ड २०४२'मध्ये एका सामन्यात १२८ खेळाडू होते, मॅप इतके विस्तीर्ण होते की लढाईपर्यंत चालत पोहोचण्यातच वेळ जाई, आणि मालिकेची ओळख असलेली सैनिकी वर्गांची रचना बाजूला सारून तिच्या जागी 'स्पेशालिस्ट' पात्रे आणली होती. पुढे दुरुस्त्या झाल्या, परंतु तोवर जुने खेळाडू दुरावले होते. नव्या गेमने ते निर्णय पहिल्या दिवसापासूनच मागे घेतले. मोठ्या सामन्यांतली खेळाडूसंख्या पुन्हा ६४ झाली आणि असॉल्ट, इंजिनिअर, सपोर्ट व रेकॉन हे चार वर्ग परतले. ऑगस्टमधल्या खुल्या बीटामध्ये, म्हणजे प्रकाशनाआधीच्या चाचणीत, एकट्या स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी पाच लाखांहून अधिक खेळाडू आले आणि अनेकांना आत शिरण्यासाठी रांगेत ताटकळावे लागले. प्रकाशनानंतर स्टीमवरचा हाच आकडा सुमारे ७ लाख ४७ हजारांपर्यंत गेला, तर पहिल्या तीन दिवसांत ७० लाखांहून अधिक प्रती खपल्याचे प्रकाशक ईएने जाहीर केले.

भारतात गेम शुक्रवारी रात्री साडेआठला सुरू झाला. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्याने इथल्या अनेकांसाठी याहून सोयीची वेळ शोधून सापडली नसती, आणि दिवाळीही तोंडावर आली होती. नेमके त्याच वेळी ईएच्या स्वतःच्या ॲपवरून गेम घेतलेल्या जगभरातल्या अनेक खेळाडूंना, पैसे भरलेले असूनही, 'आधी गेम विकत घ्या' अशा अर्थाचा संदेश दिसत राहिला. कंपनीने नंतर दिलगिरी व्यक्त करून भरपाई दिली. तरीही पहिल्या रात्रीसाठी महिनाभर बेत आखणाऱ्या माणसाची ती रात्र परत मिळत नाही, आणि त्याचा राग मला पूर्णपणे योग्य वाटतो.

गेम चालू झाल्यावर मात्र त्याची ताकद लगेच कळते. 'सीज ऑफ कैरो' या मॅपमध्ये अरुंद रस्त्यावरून रणगाडा पुढे सरकत असतो. इंजिनिअर त्याच्या मागे आडोसा धरून, हातातल्या वेल्डिंग टॉर्चने त्याची दुरुस्ती करत चालतो. बाजूच्या इमारतीतून रॉकेट सुटते आणि इंजिनिअर उघड्यावर कोसळतो. पूर्वी अशा वेळी त्याला उठवायला जाणारा सोबतीही तिथेच मारला जाई. आता जखमी सोबत्याला ओढत भिंतीआड नेता नेता उठवता येते, तर रणगाड्यातला सोबती रॉकेट जिथून आले ती भिंतच पाडून टाकतो. हे सगळे काही सेकंदांत घडते आणि त्यात कोणाच्या नावावर किती किल जमा झाले याला दुय्यम महत्त्व असते. ज्याचा नेम सामान्य आहे, परंतु ज्याला केव्हा कुठे उभे राहायचे ते कळते, असा खेळाडूही इथे संघाला सामना जिंकून देऊ शकतो. बॅटलफील्ड मला आवडतो तो या एका गोष्टीसाठी.

हीच गोष्ट सोबतीविना खेळणाऱ्याच्या मुळावर येते. अनोळखी चौघांचा स्क्वॉड बहुधा चार दिशांना पळतो, सपोर्टचा खेळाडू शेजारी पडलेल्याला न उठवता पुढे निघून जातो, आणि दोन-तीन सामन्यांनंतर उत्साह ओसरतो. दुसरी तक्रार मॅपविषयी आहे. सुरुवातीच्या नऊ मॅपपैकी बरेचसे दाटीवाटीचे आहेत. 'मिराक व्हॅली' किंवा 'ऑपरेशन फायरस्टॉर्म'सारखी मोकळी मैदाने, जिथे विमाने आणि रणगाडे यांना खरा वाव मिळतो, तुलनेने कमी आहेत. शस्त्रांचे सुटे भाग मिळण्याचा वेगही सुरुवातीला फार मंद होता. तो ओरड झाल्यानंतर वाढवण्यात आला. एकट्याने खेळायची कथामोहीम आहे, मात्र तिच्यासाठी कोणी हा गेम घेऊ नये.

ब्लॅक ऑप्स ७ : वेळ थोडा असेल तर

कॉल ऑफ ड्यूटीचा गाभा आहे सहा विरुद्ध सहाचा छोटा, वेगवान सामना. प्रकाशनाच्या वेळी अशा सामन्यांसाठी १६ मॅप होते, शिवाय वीस विरुद्ध वीससाठी आणखी दोन. सामना साधारण दहा मिनिटांत आटोपतो. धावणे, घसरणे आणि उडी घेणे यांत आता भिंतीवर पाय रोवून मारायच्या उडीची भर पडली आहे, त्यामुळे ज्याची बोटे चपळ आहेत त्याला हा गेम विलक्षण आनंद देतो. शिकवणी आणि जेवण यांच्या मधल्या वेळात दोन सामने पूर्ण होतात. त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

गेली अनेक वर्षे या मालिकेवर एक मोठा राग होता. खेळाडूचे कौशल्य मोजून त्याला सारख्याच तोडीच्या लोकांत टाकण्याची पद्धत इतकी कडक होती की संध्याकाळचा विरंगुळाही परीक्षेसारखा वाटे. ब्लॅक ऑप्स ७मध्ये मूळ पद्धत म्हणून खुले मॅचमेकिंग ठेवले गेले, ज्यात कौशल्याचा विचार कमीत कमी केला जातो, आणि सामना संपल्यावर तीच लॉबी, म्हणजे एकत्र जमलेल्या खेळाडूंचा गट, पुढच्या सामन्यासाठी एकत्र ठेवली जाते. नियमित खेळणाऱ्यांनी याचे मनापासून स्वागत केले. आपल्याकडे या गेमचे खेळाडू मुळात मर्यादित असल्याने चाळणी जितकी सैल तितकी जवळची लॉबी लवकर मिळण्याची शक्यता वाढते, म्हणून मलाही हा बदल महत्त्वाचा वाटतो.

मोहिमेबाबत मात्र या गेमने घोर निराशा केली. ती चार जणांनी मिळून खेळण्यासाठी रचली आहे. एकट्याने खेळले तरी इंटरनेट सतत चालू लागते, खेळ थांबवून ठेवता येत नाही, आणि मोहिमेच्या मधूनच बाहेर पडावे लागले तर तो भाग पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो. नाशिकच्या खेळाडूने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली जाते, सिंहस्थाच्या तयारीत रस्ता खोदताना कुठेतरी फायबरची तार तुटते, आणि पाऊण तासाची मेहनत एका क्षणात जाते. सजावटीच्या काही चित्रांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचा आरोप झाला, आणि असा वापर होत असल्याची नोंद गेमच्या स्टीमवरील पानावरही आहे. एवढी किंमत मोजणाऱ्याला माणसाच्या हातचे चित्र हवे असेल, तर त्यात वावगे काही नाही. डिसेंबरमध्ये प्रकाशक ॲक्टिव्हिजनने यापुढे ब्लॅक ऑप्स किंवा मॉडर्न वॉरफेअर ही एकच उपमालिका लागोपाठ दोन वर्षे काढणार नसल्याचे सांगितले. खेळाडूंची नाराजी कितपत पोहोचली होती, हे त्यावरून दिसते.

संगणकाची परीक्षा

ग्राफिक्सच्या बाबतीत दोघांच्या किमान अपेक्षांत मोठे अंतर आहे. बॅटलफील्ड ६ला आरटीएक्स २०६०च्या तोडीचे कार्ड आणि १६ जीबी मेमरी लागते. ब्लॅक ऑप्स ७ जीटीएक्स १०६०सारख्या जुन्या कार्डावर आणि ८ जीबी मेमरीवरही चालतो, आणि प्लेस्टेशन ४ (पीएस४)वरही तो उपलब्ध आहे. बॅटलफील्ड ६ पीएस४वर नाही. २०२५च्या शेवटी मेमरीचे भाव झपाट्याने वाढले असल्याने '८ची १६ करून घेऊ' हा विचार आता पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही.

खरी अडचण दोन्हीकडे सारखी आहे आणि तिने अनेकांची पहिली संध्याकाळ खाल्ली. चीटर रोखण्यासाठी दोन्ही गेम पीसीवर टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणारी व्यवस्था) चालू असण्याची अट घालतात. उद्देश योग्य आहे. बॅटलफील्डच्या बीटाच्या पहिल्या दोन दिवसांतच फसवणुकीचे ३ लाख ३० हजारांहून अधिक प्रयत्न रोखल्याचे ईएने सांगितले होते. मात्र काही वर्षांपूर्वी दुकानातून जुळवून घेतलेल्या पीसीवर विंडोज बऱ्याचदा जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेले असते आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, सीएसएम ही जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय चालू असते. अशा वेळी घाईने सीएसएम बंद केले तर संगणक सुरूच होत नाही. डिस्क एमबीआर आहे की नव्या जीपीटी पद्धतीची ते आधी 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पाहावे. एमबीआर असल्यास महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवून विंडोजमधल्याच 'एमबीआर२जीपीटी' साधनाने ती बदलावी, आणि त्यानंतरच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद व सिक्युअर बूट चालू करावे. टीपीएमचा पर्याय इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने सापडतो. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. हे जमणार नसेल तर माहितगाराकडून करून घ्यावे, परंतु गेमचे पैसे भरण्यापूर्वी करून घ्यावे.

पिंगचा प्रश्न

पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरशी संदेशाची देवाणघेवाण व्हायला लागणारा वेळ. सर्व्हर मुंबईत धरला तर नाशिक ते मुंबई हे अंतर १७० किलोमीटरच्या आसपास आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तेवढ्या अंतरासाठी एक मिलिसेकंदही लागत नाही. तरीही पिंग वाढतो तो सेवा पुरवणाऱ्याच्या वळणावळणाच्या मार्गामुळे, घरातल्या वाय-फायमुळे किंवा लॉबी देशाबाहेर लागल्यामुळे. राउटरपासून संगणकापर्यंत साधी लॅन केबल ओढणे आणि राउटरला छोटा यूपीएस लावणे, या दोन गोष्टी नव्या ग्राफिक्स कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत आणि शूटर गेममध्ये त्यांचा उपयोग रोज जाणवतो. डाउनलोडचा वेळही धरावा. शंभर जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरायला सर्व सुरळीत असतानाही सव्वादोन तास लागतात, ४० एमबीपीएसवर साडेपाच तास. त्यामुळे मित्रांना रात्री नऊची वेळ देऊन साडेआठला डाउनलोड सुरू करणे चालणार नाही.

पैसे भरण्यापूर्वी

दोन्ही मालिकांत एकेक भाग फुकट आहे आणि निर्णय घेणाऱ्याने त्याचा फायदा घेतलाच पाहिजे. बॅटलफील्ड ६च्याच तंत्रावर उभा असलेला 'रेडसेक' २८ ऑक्टोबर २०२५पासून मोफत खेळता येतो, आणि कॉल ऑफ ड्यूटीचा 'वॉरझोन' तर २०२०पासून आहे. रेडसेक आपल्या संगणकावर चालला, सिक्युअर बूटची अट पार झाली आणि रात्री नऊ ते अकरा या गर्दीच्या वेळेत पिंग स्थिर राहिला, तर बॅटलफील्ड ६ घेण्यातला मोठा धोका टळतो. ही चाचणी एखाद्या शनिवारी, आपला नेहमीचा स्क्वॉड जमवूनच करावी, कारण सोबती खरोखर येतात की नुसते 'येतो' म्हणतात, हेही तेव्हाच कळेल.

पीएस५वर खेळणाऱ्याने पीएस प्लसचे सदस्यत्व हिशेबात धरावे. फुकट गेमसाठी ते लागत नाही, परंतु या दोन्ही पूर्ण किमतीच्या गेमच्या ऑनलाइन सामन्यांसाठी लागते. पीसीवर असा वेगळा खर्च नाही. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेटचे सदस्यत्व आधीपासून असेल तर ब्लॅक ऑप्स ७ त्यात पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहे आणि तो वेगळा विकत घेण्याचे कारणच उरत नाही. डिस्क चालणारा पीएस५ असेल तर डिस्कच घ्यावी, कारण गेम नाही आवडला तर ती पुढे विकता येते. डिजिटल प्रत विकता येत नाही.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २मध्ये ज्याचे मन रमलेले आहे, ज्याला मुंबईच्या सर्व्हरवर फुकट आणि अचूक खेळ मिळतो आहे, त्याने केवळ सगळे घेत आहेत म्हणून यांपैकी काहीही घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पीसीवर घ्यायचेच ठरले तर स्टीमवरून घ्यावे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असताना तिथे पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत मोहिमेला हात लावू नये. थेट मल्टिप्लेअरमध्ये जावे, ग्राफिक्सची मांडणी पटकन आटोपावी आणि उरलेला सगळा वेळ सामन्यांना द्यावा. प्लेस्टेशनच्या दुकानात मात्र डाउनलोड सुरू केल्यानंतर ही सवलत सहसा मिळत नाही.