तीन पिढ्यांची एकत्र नेत्रतपासणी

गेल्या महिन्यात पुण्यातील आमच्या घराजवळच्या नेत्रचिकित्सालयात ७२ वर्षांची आई, मी आणि माझी ५ वर्षांची मुलगी, असे तिघे काहीही तक्रार नसताना तपासणीसाठी गेलो.

मुलीला अजून अक्षरे ओळखता येत नसल्याने तिला चित्रांचा तक्ता दाखवून एकेक डोळा झाकून तपासले, तेव्हा उजव्या डोळ्याचा नंबर बराच जास्त निघाला. दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत असल्यामुळे मुलांना हे जाणवत नाही, आणि सात-आठ वर्षांच्या वयानंतर आळशी डोळ्याचे (नीट वापरला न गेल्याने नजर कमी राहिलेल्या डोळ्याचे) उपचार अवघड होत जातात, हे डॉक्टरांनी अजिबात घाई न करता समजावले. हे आम्हाला घरी कधीच कळले नसते!

आईला मधुमेह असल्याने बाहुली मोठी करणारे थेंब घालून तिचे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, पाहिले. डोळ्यातील दाब साधारणतः १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. मात्र तो मर्यादेत असूनही काचबिंदू, म्हणजे दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करणारा आजार, असू शकतो, म्हणून त्यांनी दृष्टीची मज्जातंतूही बारकाईने तपासली, आणि काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नसल्यामुळे ही दक्षता मला सर्वांत मोलाची वाटली. मला चाळिशीचा चष्मा लागला, इतकेच.

एक उणीव मात्र नोंदवतो: थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, त्यामुळे स्वतः वाहन चालवत येऊ नये, ही सूचना वेळ ठरवतानाच द्यायला हवी होती.