मावशीसाठी काय बरं : रात्र निवारा की प्रोव्हेदोरियाचा वृद्धाश्रम?

म्हापशाच्या मैत्रिणीच्या मावशीला घरमालकाने खोली सोडायला सांगितली. वय सत्तरीपुढचं, मूलबाळ नाही. विचारणा झाली, म्हणून लिहितो.

प्रवेश : नागरी बेघरांचा निवारा आजच्या रात्रीसाठी. 2024 मध्ये मुदत संपलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत तो चोवीस तास उघडा हवा होता, माणशी किमान 50 चौरस फूट जागा हवी होती. प्रोव्हेदोरिया ही गोव्यात वृद्धाश्रम चालवणारी सरकारी संस्था, पोर्तुगीज काळापासूनची. तिथे अर्ज, कागदपत्रं, चौकशी आलीच. रेशन कार्ड, आधार आधीच एका पिशवीत घाला.

मुक्काम : खरा फरक इथे. निवाऱ्यात खाट मिळते, पण पेटी कुठे ठेवायची, औषधं वेळेवर कोण देणार? शेजारच्या खाटेवर रोज नवा माणूस. वृद्धाश्रमात माणूस राहायलाच जातो.

खर्च : निवाऱ्यात फुकट किंवा नाममात्र. आश्रमाचे नियम अर्जावेळीच विचारा.

आणखी एक. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना 2000 रुपये मावशीला मिळत नसतील तर आधी तो अर्ज करा. त्यात आजच्या गोव्यात खोली येत नाही, पण भाड्याला हातभार लागतो.

रस्त्यावर रात्र काढायची वेळ आलेल्याला निवारा. मावशीला मात्र आश्रमच, आणि अर्ज खोली सुटण्याआधी.