साडेचारशेचा ब्रॉन्झ की साडेसहाशेचा गोल्ड?

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसबद्दल, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, बोलायलाच नको. माझा शेवटचे सहा महिने पिठाच्या गिरणीसारखा चालला आणि एका दुपारी गप्प झाला. त्यानंतर मी दोन वापरले. (ब्रॉन्झ आणि गोल्ड या ‘८० प्लस’ नावाच्या वीजबचतीच्या प्रमाणपत्रातल्या श्रेणी, गोल्ड वरची.) आधी ६५० वॉटचा गोल्ड, कमी लोडवर ज्याचा पंखा फिरतच नाही तो. मग जवळपास निम्म्या किमतीचा ४५० वॉटचा ब्रॉन्झ, ज्याचा पंखा सदोदित फिरतो. मशीन तेच, खोली तीच, पुण्यातली. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण त्याच नावाच्या डब्यात पुढच्या लॉटला वेगळा पंखा निघू शकतो.

वॉटचं आधी उरकतो. माझ्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर ताणला तर ८८ वॉटपर्यंत जातो, कार्ड ७५ पर्यंत. बाकीचं सगळं धरून सव्वादोनशेच्या आत भागतं. म्हणजे ४५० सुद्धा ऐसपैस झाले. उद्या मोठं कार्ड नक्की घेणार असाल तर गोष्ट वेगळी, पण ‘उद्या घेऊ’ म्हणत मी चार वर्षं काढली आहेत.

गोल्डची वीजबचत खरी आहे, फक्त चिमूटभर. अर्ध्या लोडला, भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी ८५ टक्के मशीनला पोचवण्याची अपेक्षा ब्रॉन्झकडून असते, गोल्डकडून ९० ची. मशीनला १५० वॉट लागत असतील तर भिंतीतून एक १७६ ओढतो, दुसरा १६७. रोज सहा तास धरा, वर्षाला २१-२२ युनिटं वाचतील. त्यावर किंमत वसूल करायची तर एसएमपीएस वारसाहक्काने द्यावा लागेल. शिवाय ८० प्लसची चाचणी २३ अंशांना होते. एप्रिलमध्ये माझ्या खोलीत २३ अंश सापडलेच तर फ्रिजमध्ये.

आता आवाज. पहिले दोन महिने, थंडीचे, गोल्डने मला खूश करून टाकलं. रात्री मशीन चालू आहे का हे दिव्याकडे बघून कळायचं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे मिटून गोल्ड घ्या म्हणालो असतो.

मार्चअखेर पहिल्यांदा तो ‘टक्’ ऐकला. टक्, मग हुsss, अर्ध्या-एक मिनिटाने शांत. तीन-चार मिनिटांनी पुन्हा टक्. झालं असं की कॅबिनेट टेबलाच्या खणात, हवा कोंडलेली. आतलं तापमान पंखा सुरू होण्याच्या काठावरच रेंगाळायचं. पंख्याने जरा गार केलं की तो थांबायचा, थांबला की पुन्हा तापायचं. आवाज मोठा होता असं मुळीच नाही. सलग चालला असता तर कदाचित कानाला कळलाही नसता. छताच्या पंख्याचा आवाज आपण कुठे ऐकतो? पण हा दर वेळी नव्याने सुरू व्हायचा. मी काम सोडून पुढच्या ‘टक्’ची वाट बघत बसायला लागलो. आई त्याच खोलीत झोपते. एका रात्री अंधारातून म्हणाली, “अरे, ते मधेमधे दम का टाकतंय?”

कॅबिनेट खणाबाहेर काढलं, थोडा फरक पडला. पण बाहेर ठेवायला जागा नाही आणि मे तर यायचाच होता.

ब्रॉन्झचा पंखा बटण दाबल्यापासून फिरतो. मध्यरात्री, सगळं बंद असताना, खुर्चीवरून एक बारीक सू ऐकू येते. येत नाही म्हणणं खोटं ठरेल. गेम चालू असेल तर थोडी वाढते, तीही हळूहळू, झटका नाही. पंधरा दिवसांत ती मला ऐकू येईनाशी झाली. आईने पुन्हा विचारलं नाही. लाईट गेली आणि ६०० व्हीएच्या यूपीएसवर मशीन आलं की दोन्ही सारखेच गुणगुणतात, तेव्हा त्या बाबतीत डावं-उजवं नाही.

तुमचं कॅबिनेट मोकळ्यावर असेल, खोलीत एसी असेल, तर गोल्ड नक्कीच सरस वाटेल, त्याबद्दल वाद घालणार नाही. घेताना मात्र मागच्या बाजूला पंखा सतत चालू ठेवायचं बटण आहे का ते बघा. काही मॉडेलना असतं, माझ्याला नव्हतं. असतं तर कदाचित हे लिहिलंच नसतं. पण टेबलाचा खण, बिनएसीची खोली आणि मध्यम मशीन असा संसार असेल, तर मी आपला साडेचारशेच घेईन. फक्त पंखा फ्लुइड बेअरिंगचा मिळतोय का बघा. साध्या स्लीव्ह बेअरिंगचं तेल आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, मग पुन्हा गिरणी सुरू.

गोल्ड वाया गेला नाही. नागपूरच्या भाच्याला दिला, त्याचं कार्ड मोठं आहे. पंखा चालू-बंद होतो का विचारलं, तर म्हणाला, “मामा, इथे कूलरपुढे मला तुमचाही आवाज येत नाहीये.”